लंडनचे रविवार : १९३९ ते १९४५

(पडद्यावर: काळी पाटी. त्यावर फक्त तारीख – रविवार, ३ सप्टेंबर १९३९.)

सकाळचे सव्वाअकरा वाजलेत. लंडनभरच्या चर्चमध्ये अकराची उपासना सुरू आहे. पहिलं गीत म्हणून झालंय, लोक बाकांवर टेकलेत. आणि नेमक्या त्या वेळी पंतप्रधान नेव्हिल चेंबरलेन रेडिओवरून सांगताहेत की जर्मनीशी युद्ध सुरू झालं आहे. चर्चमध्ये बसलेल्यांना ते ऐकू येत नाही. बातमी कुठे चिठ्ठीवरून, कुठे कानोकानी व्यासपीठापर्यंत पोचते.

वेस्टमिन्स्टरच्या मेथडिस्ट सेंट्रल हॉलमध्ये त्या दिवशी विल्यम सँगस्टर या नव्या पाळकांची पहिलीच उपासना होती. मंडळीशी धड ओळखही झालेली नव्हती, आणि तिला युद्धाची बातमी सांगायची वेळ त्यांच्यावर आली. काही मिनिटांतच शहरावर भोंगा वाजला. तो खोटा निघाला. विमानं आलीच नाहीत.

ती पुढच्या वर्षी आली. आणि लंडनच्या युद्धातले किती मोठे दिवस रविवारी पडले, ते कॅलेंडर समोर घेऊन पाहिलं की आपण थबकतो. म्हणून ही गोष्ट आम्ही रविवारांनीच सांगणार आहोत. तिच्या मुळाशी प्रश्न एकच: जे मेले, त्यांचं काय?

(पडद्यावर: जुन्या वर्तमानपत्रातला उपासनांच्या वेळांचा रकाना.)

शनिवारच्या वर्तमानपत्रात उद्याच्या उपासनांची यादी यायची. सेंट पॉल्स, वेस्टमिन्स्टर ॲबी, कॅथलिकांचं वेस्टमिन्स्टर कॅथीड्रल, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, काँग्रिगेशनल हे प्रॉटेस्टंट पंथ. कोण उपदेश करणार, किती वाजता. स्पिरिच्युअलिस्टांच्या, म्हणजे मृतांशी बोलता येतं असं मानणाऱ्यांच्या सभांच्या जाहिराती ‘सायकिक न्यूज’, ‘टू वर्ल्ड्‌स’ अशा त्यांच्या स्वतःच्या साप्ताहिकांत असायच्या. सभा भरायच्या भाड्याच्या हॉलमध्ये, नाहीतर साध्या विटांच्या छोट्या चर्चमध्ये. कॅथीड्रलला जाणारा आणि या हॉलमध्ये जाणारा एकाच गल्लीत राहत असेल, एकाच ट्रामने जात असेल. पण एकाला समाजात मान होता आणि दुसऱ्याला पोलिसांची भीती.

युद्धाने आधी उपासनेची वेळ बदलली. सप्टेंबर १९३९पासून ब्लॅकआउट लागू झाला; सूर्यास्तानंतर प्रकाशाची एक तिरीपसुद्धा बाहेर दिसता कामा नये. घराच्या खिडकीला काळं कापड ठोकता येतं. पण मजला-दीडमजला उंचीच्या रंगीत काचांच्या खिडक्या कशा झाकणार? हिवाळ्यात लंडनला चार वाजताच अंधारतं. त्यामुळे शेकडो वर्षं संध्याकाळी होणारी उपासना अनेक चर्चनी दुपारवर आणली. लोक गॅस मास्कची पुठ्ठ्याची खोकी गळ्यात अडकवून यायचे आणि बाकाखाली प्रार्थनापुस्तकाशेजारी ठेवायचे.

मग घंटा गेल्या. जून १९४०मध्ये सरकारने हुकूम काढला की चर्चच्या घंटा यापुढे फक्त शत्रू आकाशातून उतरला तरच वाजतील. ज्या नादाने लोक पिढ्यान्‌पिढ्या रविवारी घराबाहेर पडत आले, तोच नाद आता आक्रमणाची खूण ठरला.

त्याआधीचा एक रविवार, २६ मे १९४०. राजे सहावे जॉर्ज यांच्या इच्छेनुसार देशभर राष्ट्रीय प्रार्थनादिन पाळला गेला. राजा-राणी ॲबीत होते, बाहेर लांबच लांब रांग. त्याच संध्याकाळी फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून सैन्य माघारी आणण्याची मोहीम सुरू झाली आणि ४ जूनपर्यंत ३,३८,००० सैनिक परत आले. इंग्लंडमधले कितीतरी भाविक याला आजही चमत्कार म्हणतात. इतिहासकार जर्मन रणगाडे थांबवण्याचा हुकूम, शांत समुद्र, नौदल आणि छोट्या बोटींकडे बोट दाखवतात. पण त्या रांगेत उभ्या असलेल्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचा मुलगा फ्रान्समध्ये अडकला होता, एवढंच त्यांना माहीत होतं.

शनिवार, ७ सप्टेंबरला ब्लिट्झ, म्हणजे जर्मन विमानांची लंडनवरची बॉम्बफेक, सुरू झाला. पूर्व लंडनच्या गोद्या रात्रभर जळत होत्या. दुसरा दिवस रविवार, आणि आधीच जाहीर झालेला आणखी एक प्रार्थनादिन. पुढे सलग ५७ रात्री बॉम्ब पडले. सँगस्टरांनी सेंट्रल हॉलचं तळघर लोकांना उघडून दिलं. वर रविवारी उपदेश, खाली दररोज रात्री गाद्या, चहा, रडणारी मुलं, आजारी म्हातारी माणसं. पाळक आणि त्यांची पत्नी मार्गारेट मुलाबाळांसह तिथेच राहिले. तो आसरा १,६८८ रात्री चालला. उपदेशक म्हणून सँगस्टरांचं नाव मोठं आहे, पण मला त्यांचं हे तळघर अधिक मोठं वाटतं.

१० नोव्हेंबर १९४०, युद्धस्मृतीचा रविवार. रात्री नऊच्या बातम्यांआधी बीबीसीवर बिग बेनचे टोल पडत, आणि त्या दिवसापासून तेवढा वेळ देशाने मूक प्रार्थना करावी अशी प्रथा सुरू झाली. कल्पना वेल्सली ट्यूडर पोल यांची. पहिल्या महायुद्धात लढलेला हा माणूस गूढ अनुभवांवर विश्वास ठेवणारा होता. त्या मिनिटाला अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे), कॅथलिक आणि स्पिरिच्युअलिस्ट एकाच वेळी गप्प बसत. कोण कुणाला हाक मारतोय हे विचारायची सोय नव्हती, आणि गरजही.

(पडद्यावर: हर्बर्ट मेसन यांचं छायाचित्र – धुराच्या लोटातून वर आलेला सेंट पॉल्सचा घुमट.)

२९ डिसेंबर १९४०. नाताळनंतरचा रविवार. जुन्या ‘सिटी’ भागात दुकानं, गोदामं, कचेऱ्या. सुट्टीच्या दिवशी तिथे चिटपाखरू नसतं. फ्लीट स्ट्रीटवरचं सेंट ब्राइड्स हे छापखानेवाल्यांचं चर्च. संध्याकाळची उपासना आटोपली, दाराला कुलूप लागलं. सहानंतर आगलावे बॉम्ब पडू लागले. एकेक बॉम्ब हातभर लांबीचा. लगेच वाळू टाकली तर विझतो, पण त्यासाठी माणूस छपरावर पोचायला हवा. आणि रविवार असल्याने दारं बंद, किल्ल्या मालकांच्या घरी, दूर उपनगरात. त्यात थेम्सला कमालीची ओहोटी, पाण्याच्या मुख्य नळवाहिन्या फुटलेल्या. अग्निशामक दल चिखलातून होस ओढत नदीच्या पाण्यापर्यंत जायला धडपडत होतं.

क्रिस्टोफर रेन यांनी १६६६च्या महाआगीनंतर बांधलेल्या चर्चपैकी आठ त्या एका रात्रीत जळाली. सेंट ब्राइड्सच्या घंटा वितळून खाली आल्या. सेंट पॉल्स मात्र वाचलं, कारण तिथे माणसं होती. ‘सेंट पॉल्स वॉच’ नावाचं स्वयंसेवकांचं पथक रात्रंदिवस छतांवर पहारा द्यायचं. सेंट पॉल्सचे डीन, म्हणजे मुख्य धर्मगुरू, वॉल्टर मॅथ्यूज स्वतः त्यांच्यात. त्या रात्री एक बॉम्ब घुमटाच्या शिशाच्या पत्र्यात रुतला आणि शिसं वितळू लागलं. तो आत पडला असता तर घुमटाखालची लाकडी कैची पेटली असती. तो बाहेरच्या सज्जावर पडला, आणि पहारेकऱ्यांनी विझवला. या रात्रीनंतर सरकारने कामाच्या जागी आगीचा पहारा सक्तीचा केला.

रविवार, ११ मे १९४१ची सकाळ तर त्याहून वाईट. शनिवारी रात्री पौर्णिमेच्या उजेडात ब्लिट्झचा शेवटचा मोठा हल्ला झाला. एका रात्रीत १,४००हून अधिक माणसं मेली. सकाळी लोक उपासनेला निघाले तर सेंट मेरी-ल-बो नाही, सेंट क्लेमेंट डेन्स नाही, स्पर्जन या प्रसिद्ध उपदेशकाच्या नावाने ओळखलं जाणारं बाप्टिस्टांचं मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकल नाही, सॅल्व्हेशन आर्मीचं मुख्यालय नाही. भिंती उभ्या, आत धुमसता ढीग. ॲबीच्या मधोमधचं छतही कोसळलं होतं.

त्याच्या महिनाभर आधी काँग्रिगेशनल मंडळीचं सिटी टेंपल जळालं होतं. पाळक लेस्ली वेदरहेड यांच्या या मंडळीला शेजारच्या सेंट सेपल्कर या अँग्लिकन चर्चने आपलं दार उघडून दिलं. पंथापंथांतले तीनशे वर्षांचे वाद ज्यांना ठाऊक आहेत, त्यांनाच यातलं मोठेपण कळेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. मेलेल्यांचं काय?

‘माझा मुलगा गेला ही देवाची इच्छा होती का?’ वेदरहेड यांनी १९४४मध्ये या एका प्रश्नावर पाच उपदेश दिले. देवाला मुळात जे हवं असतं ते वेगळं, आणि माणसांच्या दुष्टपणातून ओढवलेल्या परिस्थितीत तो जे करू पाहतो ते वेगळं, असं त्यांनी मांडलं. मुलाचा मृत्यू देवाच्या माथी मारू नका, हे त्यांनी आयांना स्पष्ट सांगितलं. फार मोलाचं होतं ते. पण आईला आणखी काही विचारायचं असतं: तो आता कुठे आहे, त्याला थंडी वाजते का, त्याने शेवटी माझं नाव घेतलं का. कॅथलिक आई मुलासाठी मिस्सा अर्पण करू शकत होती. प्रॉटेस्टंट इंग्लंडने मात्र मृतांसाठी प्रार्थना करणं सोळाव्या शतकातच जवळजवळ सोडून दिलं होतं. पहिल्या महायुद्धातल्या प्रेतांच्या राशींनी ते हळूहळू परत आणलं.

स्पिरिच्युअलिस्ट हॉलमध्ये उत्तर थेट मिळायचं. तिथली रविवारची सभा बाहेरून अगदी चर्चसारखीच. गीत, प्रार्थना, वाचन, प्रवचन. मग एखादी साध्या कपड्यांतली बाई पुढे येते, डोळे मिटते, आणि तिसऱ्या रांगेतल्या कुणाला तरी म्हणते की तुमच्या मागे एक तरुण उभा आहे, खलाशाच्या वेषात. माध्यम म्हणतात तिला. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या घरांत चालणारं प्लँचेट बंद खोलीतलं, घरच्या चार माणसांचं. हे शंभर माणसांसमोर, उपासनेचा भाग म्हणून.

यांच्यातही दोन वाटा होत्या. स्पिरिच्युअलिस्ट्‌स नॅशनल युनियन सात तत्त्वं मानायची, ईश्वराचं पितृत्व आणि मानवाचं बंधुत्व ही त्यांतली पहिली दोन. येशूला प्रभू मानण्याची अट नव्हती. विनिफ्रेड मॉइस यांची ‘ग्रेटर वर्ल्ड’ ही १९३१ची संघटना मात्र स्वतःला ख्रिस्ती म्हणवायची. चर्च ऑफ इंग्लंडने या सगळ्याचा अभ्यास करायला १९३७मध्ये समिती नेमली. १९३९मध्ये तिचा अहवाल आला. बहुमत बरंच सहानुभूतीचं होतं. आर्चबिशप कॉस्मो लँग यांनी तो प्रसिद्धच केला नाही. युद्ध उंबरठ्यावर असताना हे दडपणं मला भेकडपणाचं वाटतं. मतभेद असतील तर ते लोकांसमोर मांडायचे होते.

रविवार, १५ नोव्हेंबर १९४२. इजिप्तमधल्या एल अलामेनच्या विजयासाठी घंटा वाजवायला एका दिवसाची परवानगी मिळाली. ज्यांचे मनोरेच उरले नव्हते ती चर्च मुकीच राहिली. १९४३मध्ये बंदी उठली.

त्याच १९४३मध्ये एअर चीफ मार्शल ह्यू डाउडिंग जाहीरपणे पुढे आले. १९४०च्या उन्हाळ्यात ज्यांच्या हाताखालच्या लढाऊ विमानांनी ब्रिटन वाचवलं, तेच डाउडिंग. आता ते सांगू लागले की आपले मेलेले वैमानिक हयात आहेत आणि माध्यमांमार्फत ते बोलतात. लोक ऐकायला गर्दी करायचे. सरकारला अवघडल्यासारखं झालं असेल, पण त्यांना कुणी हात लावला नाही.

हेलन डंकनला लावला. ही स्कॉटिश बाई माध्यम होती, देशभर फिरून बैठका घ्यायची. जानेवारी १९४४मध्ये पोर्ट्‌समथला, नौदलाच्या शहरात, भर बैठकीत पोलिसांनी तिला पकडलं. खरं ते सांगितलंच पाहिजे: १९३३मध्ये एडिंबरोत तिला फसवणुकीसाठी दंड झालेला होता, आणि तिच्या तोंडातून निघणारा ‘आत्मद्रव्य’ नावाचा पदार्थ म्हणजे गिळून पुन्हा बाहेर काढलेलं जाळीदार कापड, असं तपासणाऱ्यांचं मत होतं. पण ‘एचएमएस बारहम’ बुडाल्याचं तिने सरकारने जाहीर करण्याआधीच बैठकीत सांगितलं, असंही बोललं जायचं. ही युद्धनौका २५ नोव्हेंबर १९४१ला बुडाली, ८००हून अधिक खलाशी गेले, आणि ती बातमी दोन महिने दाबून ठेवलेली होती. मार्चमध्ये लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात खटला उभा राहिला. कायदा कोणता? १७३५चा चेटूक कायदा. शिक्षा नऊ महिने. खुद्द चर्चिलनी गृहमंत्र्यांना चिठ्ठी लिहून या जुनाट मूर्खपणाबद्दल जाब विचारला. फसवणुकीसाठी साधा कायदा हाताशी असताना चेटकाचा काढला, आणि रविवारी हॉलमध्ये जमणाऱ्या प्रत्येकाला त्याचा धाक बसला.

(पडद्यावर: वेलिंग्टन बॅरॅक्सचं आजचं चॅपेल.)

१८ जून १९४४, रविवार. बकिंगहॅम राजवाड्याजवळच्या गार्ड्‌स चॅपेलमध्ये सैनिक आणि त्यांचे नातलग अकराच्या उपासनेला बसलेले. अकरा-वीसच्या सुमाराला व्ही-१ हे स्फोटकांनी भरलेलं, वैमानिक नसलेलं जर्मन विमान थेट छतावर आलं. काँक्रीटचं छत खाली बसलं. १२१ मृत. वेदीची बाजू तेवढी तगली; वेदीवरच्या मेणबत्त्या स्फोटानंतरही जळत होत्या. थोड्याच अंतरावर वेस्टमिन्स्टर चॅपेलमध्ये मार्टिन लॉइड-जोन्स प्रार्थना करत होते. इमारत हादरली, वरून चुना पडला. ते क्षणभर थांबले आणि राहिलेली प्रार्थना पुरी केली.

चेटूक कायदा १९५१मध्ये रद्द झाला. सेंट क्लेमेंट डेन्स पुन्हा बांधलं गेलं आणि १९५८मध्ये रॉयल एअर फोर्सचं चर्च झालं. त्याच्या दारात आज डाउडिंग यांचा पुतळा आहे. १९७०मध्ये ते गेले, तेव्हा त्यांची रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवली गेली. परलोकावरच्या त्यांच्या श्रद्धेची अडचण कुणाला वाटली नाही. हेलन डंकनची शिक्षा मरणोत्तर माफ व्हावी म्हणून स्कॉटिश संसदेकडे पुन्हा पुन्हा अर्ज झाले. ते फेटाळले गेले.