बधिर बोटं आणि शिंजीर

श्रोतेहो, नमस्कार.

मी अमळनेरला राहते. पंचवीस वर्षं शिवणकाम केलं. ब्लाउज, परकर, शाळेचे गणवेश. लग्नसराईत तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालायची. कापड टेरिकॉट आहे की सुती, हे मी डोळे मिटून बोटांनी सांगायचे. बोटांचं आधी सांगते, कारण आजारपणात मी शिंजीर नावाच्या एका पाखराचे फोटो काढायला लागले, ती सगळी हकिकत त्यांच्याभोवतीच फिरते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर माझ्या मानेत गाठ लागली. तपासण्या झाल्या आणि लिम्फोमा निघाला, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर. दर २१ दिवसांनी एक, अशा सहा केमो ठरल्या. उपचार जळगावला. केस जाणार हे ठाऊक होतं, मनाची तयारी केली होती. बोटं जातील हे मात्र ध्यानीमनी नव्हतं. या उपचारातल्या एका औषधाचं नाव व्हिनक्रिस्टिन. ते सदाफुलीपासून मिळतं. आपल्या दारात तुळशीशेजारी असते, तीच सदाफुली. हे ऐकून कुणी पानं खायला जाऊ नका, ती विषारी आहेत. औषध शुद्ध करून, मोजून, शिरेतूनच देतात. तर हे औषध गाठीवर चालतं, पण नसांनाही इजा करतं. दुसऱ्या केमोनंतर माझ्या बोटांची टोकं बधिर झाली. सुई हातात आहे की पडली, कळेना. एकदा गरम इस्त्रीला बोट टेकलं, आणि वास आला तेव्हा मला समजलं. त्या संध्याकाळी मी मशीनवर चादर टाकली आणि खोलीचं दार ओढून घेतलं.

गर्दीत जायचं नाही, लग्नाला नाही, बाजारात नाही. केमोनंतर दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी फार खाली जातात, तेव्हा तर कुणी भेटायलाही नको. मग सकाळभर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं. समोर अंगणात शेवगा, कोपऱ्यात जास्वंद, पलीकडे शेजाऱ्यांची केळीची दोन खुंटं. मी दिवस मोजत असे. आज आठवा, आज नववा. नजर अंगणात असायची, पण दिसत काहीच नव्हतं.

पहिल्यांदा तो दिसला मला नाही, माझ्या सासूबाईंना. आम्ही त्यांना माय म्हणतो. ऐंशीच्या घरातल्या, अहिराणीशिवाय दुसरं बोलत नाहीत. शेवग्याकडे बोट करून म्हणाल्या, "देख व, येवढुसं पाखरू, आन् कितलं बोलस!"

खरंच केवढंसं! लांबी चार इंच, वजन १० ग्रॅमच्या आत. पाठ मातकट, पोट पिवळं, आणि हनुवटीपासून पोटापर्यंत मधोमध एक काळी पट्टी, कुणी खडूने आखावी तशी सरळ. चोच बारीक आणि वाकडी, आमच्या क्रोशाच्या सुईसारखी. फुलात चोच घालायचा, दुसऱ्या फुलावर जायचा, मध्येच थांबून च्विट-च्विट ओरडायचा. नाव माहीत नव्हतं. माझा भाचा कॅलिफोर्नियात असतो. फोनवर वर्णन केलं तर म्हणाला, "मावशी, हमिंगबर्ड असेल." पण त्यानेच दुसऱ्या दिवशी शोधून सांगितलं, की हमिंगबर्ड आपल्याकडे नसतोच. त्याच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत आणि सगळ्या अमेरिका खंडांतल्या. आपला हा शिंजीर. जांभळा शिंजीर, जांभळा सूर्यपक्षीही म्हणतात. दोघांचं कूळ अगदी वेगळं. दोघेही फुलातल्या रसावर जगतात म्हणून चोच आणि वागणं सारखं होत गेलं. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत रस पितो, सेकंदाला पन्नासेक वेळा पंख हलवतो, उलटाही उडतो. आपला शिंजीर शक्यतो फांदी धरून बसतो, क्वचित क्षणभर तरंगतो. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सवलत आहे.

भाच्याने आणखी एक सांगितलं, ते मी बरेच दिवस मनात घोळवलं. थंडीच्या रात्री हमिंगबर्डला अंग गरम ठेवणं झेपत नाही. मग तो स्वतःला जवळजवळ विझवून टाकतो. अंग थंडगार, काळीज मिनिटाला हजारावरून पन्नासावर. हात लावला तर मेलाच वाटावा. पहाटे थरथरून थरथरून अंग तापवतो आणि उडतो. केमोनंतरचे पहिले चार दिवस मी तशीच पडलेली असायचे. तेव्हा हे आठवायचं.

फोटो काढायला कॅमेरा भाच्याचाच. कॉलेजात असताना घेतलेला जुना कॅनन, त्याला ५५-२५० ची लेन्स. बहिणीच्या घरी कपाटात पडून होता, तिने आणून दिला. हातात धरला तर मनगटं कापायला लागली. मग मी मुलीला बसवलं आणि कापून दिलं, शिवायला सांगितलं: मांजरपाटाची छोटी पिशवी, आत सरकी भरलेली. खान्देशात सरकीला काय तोटा! ती पिशवी ओट्याच्या कठड्यावर ठेवायची आणि लेन्स तिच्यात रुतवायची. कॅमेरा हलत नाही, हातावर वजन येत नाही. टीप वाकडी आली होती. मी काही बोलले नाही.

खरी अडचण पुढेच होती. कॅमेऱ्याचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो आणि पूर्ण दाबलं की फोटो निघतो. ज्या बोटाला सुई कळत नाही त्याला अर्धं कसं कळणार? पहिले दोनेकशे फोटो पाहाल तर नुसती हिरवळ, कुठे शेपटी, कुठे रिकामं फूल. रात्री भाच्याने व्हिडिओ कॉलवर सेटिंग बदलून दिली. फोकसचं काम मागच्या बटणावर नेलं, म्हणजे अंगठ्याकडे. माझ्या अंगठ्यात थोडी जाणीव शिल्लक होती. आणि फोकस लागला की कॅमेरा बारीक 'टिट्' करील, तो आवाज चालू ठेवला. बोटांना जे समजत नव्हतं ते आता कानाला समजू लागलं. ज्यांची बोटं अशी बधिर झाली असतील त्यांनी हे जरूर करून पाहावं. शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागावर ठेवायचं, त्याहून संथ ठेवलं तर मान वळवली तरी चित्र पुसतं. मागे मोकळं आभाळ आलं की पक्षी कोळशासारखा दिसतो, म्हणून मागे भिंत किंवा झाड येईल अशी खुर्ची सरकवायची.

तिसऱ्या केमोनंतर मला ताप आला. १००.४ च्या वर गेला की घरी थांबायचं नाही, ही सक्त ताकीद होती. रात्रीच जळगावला नेलं, पाच दिवस ठेवलं. तिसऱ्या दिवशी मायचा फोन आला. तब्येतीचं विचारलं नाही. म्हणाल्या, "तुन्हा पाहुणा ऊना व्हता. खुर्ची रिकामी देखीसन उडी गया."

मी त्या दिवशी पहिल्यांदा जेवण मागून घेतलं.

घरी आले तेव्हा जानेवारी लागला होता. आणि तो बिघडलेला दिसला. पिवळ्या छातीवर काळे-जांभळे डाग, डोक्यावर विरळ पिसं, जणू कुणी शाई शिंपडली. मला वाटलं आजारी पडला. वाचलं तेव्हा उलगडा झाला. नराचे वर्षात दोन वेष असतात. विणीचा हंगाम संपला की तो चमकदार पिसं टाकून मादीसारखा पिवळा होतो, फक्त ती काळी पट्टी राहते. हंगाम जवळ आला की पुन्हा पिसं झडतात आणि नवी येतात. माझ्या डोक्यावर रुमाल आणि त्याच्या डोक्यावर अर्धी पिसं! मी रोज एक फोटो ठेवू लागले, त्याच फांदीवरचा, सकाळी साडेआठच्या उन्हातला. २० जानेवारीला छाती अर्धी भरली. फेब्रुवारीच्या मध्याला तो पुरता काळा झाला.

काळा म्हणते, पण काळा नाही हो. सावलीत काळा. ऊन तिरकं पडलं की गळा जांभळा, मान हिरवट निळी, आणि मान वळवली की पुन्हा काळा. तो रंग पिसात मिसळलेला नसतो. पिसाची घडणच अशी असते की उजेड ठरावीक कोनातूनच रंगीत होऊन परततो. धूपछाँव रेशमाचा कपडा शिवलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको. पैठणीच्या पदराला तशी झाक असते, पण या पाखराच्या गळ्याशी तिची बरोबरी होणार नाही. तो जांभळा रंग पकडायला मला अकरा सकाळी लागल्या. बाराव्या सकाळी आला. डोळ्यात उन्हाचा ठिपकासुद्धा आला. पाहून मी एकटीच रडले.

स्टेरॉइडच्या गोळ्यांनी प्रत्येक फेरीत पाच रात्री झोप उडायची. तेव्हा मोबाइलवर पक्ष्यांचं वाचायचे. आपल्या शहाद्याजवळ १९९७ साली रानपिंगळा पुन्हा सापडला, हे मला इथलीच असून माहीत नव्हतं. १८८४ नंतर ११३ वर्षं तो कुणाला दिसला नव्हता. एका नमुन्यावर खोटं ठिकाण लिहिलेलं, त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत राहिले. एवढी वर्षं ते घुबड आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी निवांत होतं. रात्री तीन वाजता हे वाचून मी नवऱ्याला उठवून सांगितलं. त्यांनीही उठून ऐकलं, हे त्यांचं मोठेपण.

रंग आला तसा शिंजीर भांडखोर झाला. यांच्या मोटारसायकलच्या आरशात स्वतःलाच पाहून चोची मारायचा, तासन् तास. दमून आरशावर पंख पसरून बसायचा. ते बघवेना. मी खोलीचं दार उघडलं, मशीनवरची चादर काढली आणि आरशांना घालायला दोन पिशव्या शिवल्या, नाडीच्या. दोरा मुलीने ओवून दिला. टीप तिच्यापेक्षाही वाकडी आली. कित्येक महिन्यांनी शिवलेलं ते पहिलं काम.

मार्चच्या सुरुवातीला मादीने ओट्याजवळच्या कपडे वाळत घालायच्या तारेच्या टोकाला घरटं बांधायला घेतलं. ती एकटीच बांधते, नर नुसता मागे-मागे. आधी कोळ्याची जाळी आणून तारेला चिकटवली. मग सालीचे तुकडे, वाळकी पानं, अळ्यांची विष्ठासुद्धा, सगळं त्या जाळ्याने सांधलेलं. आतून रुईचा आणि कपाशीचा कापूस. दाराला वर छोटी वळचण. आतला आकार छाती दाबून, गोल फिरून घेतला. मी शिंपीणच, पण मापाशिवाय असं बेतणं मला जमलं नसतं. नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मी अंगणातला दोऱ्याचा प्रत्येक तुकडा वेचून टाकला, कारण लांब दोरा पाखराच्या पायात गुंतला तर पाय जातो.

इथे एक कळकळीने सांगते. घरट्याचा फोटो नीट यावा म्हणून फांदी तोडू नका, फ्लॅश मारू नका, सारखे जवळ जाऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्याचं घरटं विस्कटणं हेही शिकारीतच धरलेलं आहे. मला तर डॉक्टरांनीच लांब राहायला सांगितलं होतं, विष्ठेला हात नको म्हणून. कपडे आम्ही दीड महिना गच्चीवर वाळवले. आणि साखरपाण्याचं म्हणाल, तर भाच्याकडे हमिंगबर्डसाठी एक भाग साखर, चार भाग पाणी असं टांगतात. आपल्या उन्हात ते दुपारपर्यंत आंबेल. त्यापेक्षा शेवगा लावा, जास्वंद लावा. शेजाऱ्यांची केळ निसवली तेव्हा शिंजीर केळफुलाला उलटा लटकून रस पीत होता. तो फोटो माझ्या मुलीने काढला आणि माझ्या सगळ्या फोटोंपेक्षा तो चांगला आहे.

दोन अंडी होती. पंधराव्या-सोळाव्या दिवसानंतर आतून बारीक आवाज येऊ लागला. आता नरही कामाला लागला. पिल्लांना नुसता रस चालत नाही. कोळी, किडे, अळ्या भरवाव्या लागतात. दर काही मिनिटांनी एक खेप. मी खेपा वहीत लिहायचे. "कितलं देखशी व? चहा थंडा व्हई गया," मायचं चालूच.

एप्रिलच्या मध्याला माझा पेट स्कॅन होता. त्यात साखरेसारखं एक किरणोत्सारी औषध शिरेतून देतात. ज्या पेशी कॅन्सरच्या पेशींसारख्या भुकेल्या असतात त्या ते जास्त ओढून घेतात आणि चित्रात उजळतात. औषध दिल्यावर तासभर हालचाल न करता पडून राहायचं, बोलायचंही नाही. एरवी त्या तासाने माझा जीव खाल्ला असता. मी मनात खेपा मोजत होते. आत्ता नर आला असेल, आत्ता मादी.

संध्याकाळी घरी पोचले तर घरटं रिकामं. "दोन्ही उडी गयात," माय म्हणाल्या. एक सरळ शेवग्यावर गेलं, दुसरं आधी मायच्या खाटेच्या पायाशी पडलं आणि मग उठलं. दीड महिना ज्याची वाट पाहिली तो फोटो माझ्याकडे नाही. मायने तो इतक्या वेळा सांगितला आहे की मला आता दिसतो. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. उजळलेलं काही नव्हतं.

त्यालाही आता दीड वर्ष झालं. दर काही महिन्यांनी तपासणीला जाते. बोटांची जाणीव हळूहळू येते आहे. डाव्या हाताची आली, उजव्याची दोन टोकं अजून बाकी आहेत. जाड सुईत दोरा ओवता येतो. कपड्यांची तार आम्ही दुसऱ्या बाजूला बांधली, ती जुनी तशीच ठेवली आहे. काल सकाळी शेवग्यावर एक पिवळा नर आला होता. तोच की त्याचं पिल्लू, ते कळायला मार्ग नाही. छातीवर डावीकडे दोन जांभळे ठिपके मात्र नक्की होते. मायने मला हाक मारली तोवर उडाला. उद्या साडेआठला ऊन येईल तेव्हा पाहते.

नमस्कार.