पेर लाशेझ : मुक्काम पोस्ट पॅरिस

(दृश्य : चढाची फरसबंदी वाट, दुतर्फा दगडी थडगी)

पॅरिसच्या पूर्वेकडे, विसाव्या वॉर्डात एक टेकडी आहे. टेकडीवर रस्ते, रस्त्यांना नावं, नाक्यानाक्यावर पाट्या आणि दोन्ही हातांना लोखंडी दारांची अरुंद दगडी घरं. ४४ हेक्टरांचं हे गाव म्हणजे पेर लाशेझ दफनभूमी. नकाशा घेतल्याशिवाय आत शिरू नका. घेतलात तरी चुकालच, पण कुणाला शोधताना चुकलो एवढं तरी कळेल.

इथं येणारा माणूस सहसा कुणाला तरी भेटायला येतो. लेखकाला, गायिकेला, चित्रकाराला. फिरता फिरता लक्षात येतं की यातले कितीतरी जण थेट इथं आलेलेच नाहीत. आधी त्यांना दुसरीकडे पुरलं होतं. मेल्यावरही त्यांची बदली झाली.

मुळात ही जागा नावारूपाला आली तीच अशा बदल्यांमुळे. पॅरिसच्या मधोमध असलेली जुनी दफनभूमी इतकी तुडुंब भरली होती, की १७८० साली शेजारच्या तळघराची भिंत प्रेतांच्या भाराने कोसळली. शहराबाहेर जागा शोधणं भाग पडलं. १८०४ साली, नेपोलियनच्या कारकिर्दीत, ही टेकडी खुली झाली. चौदाव्या लुई राजाचे धर्मगुरू फादर ला शेझ पूर्वी इथं राहायचे, त्यांचंच नाव जागेला पडलं. पण लोक काही फिरकेनात. लांब पडतं, चढ आहे, ओळखीचं कुणी नाही! मग १८१७ साली कारभाऱ्यांनी शक्कल लढवली. नाटककार मोलिएर आणि बोधकथा लिहिणारे ला फोंतेन यांचे अवशेष समारंभपूर्वक इथं आणले. बाराव्या शतकातलं प्रेमी जोडपं, आबेलार आणि एलोईझ, तेही आणलं. ती हाडं खरंच त्यांची होती का, याबद्दल शंका आहेच. पण शेजार तर जमला! बड्या घरच्यांची इथं रीघ लागली. ‘याच इमारतीत अमुक नट राहतो’ असं सांगून फ्लॅट विकणाऱ्यांचा हा पूर्वजच म्हणायचा.

(दृश्य : शोपँचं थडगं, ताजी फुलं)

संगीतकार शोपँ १८४९ साली गेला. थडग्यावर संगमरवरी संगीतदेवता मान खाली घालून बसली आहे, हातात मोडकं तंतुवाद्य. मूर्ती शिल्पकार क्लेसांजेची. शोपँ मात्र इथं पुरता नाही. त्याचं हृदय काढून मायदेशी, पोलंडला नेलं, ते वॉर्सामधल्या एका चर्चच्या खांबात ठेवलेलं आहे.

पुढच्या वर्षी फ्रेंच कादंबरीकार बाल्झाक आला. आपल्या कादंबरीचा शेवट त्याने याच टेकडीवर केला होता. बापासारख्या म्हाताऱ्याला मूठमाती देऊन तरुण नायक इथून पॅरिसचे दिवे पाहतो आणि शहराला आव्हान देतो. खुद्द बाल्झाकच्या दफनाच्या वेळी भाषण केलं ते व्हिक्टर ह्यूगोने.

(दृश्य : काचेआडचं ऑस्कर वाइल्डचं थडगं)

आता ऑस्कर वाइल्ड. इथं जरा थांबू या. तुरुंगवास भोगलेला, कफल्लक झालेला हा आयरिश लेखक १९०० साली पॅरिसच्या एका हॉटेलात वारला. आधी त्याला बान्योच्या दफनभूमीत पुरलं. १९०९ साली इथं हलवलं. वर मोठा थोरला दगड, त्यात कोरलेली पंखांची आकृती, शिल्पकार जेकब एपस्टाइन. पुढे या दगडाची चुंबनं घेण्याची टूम निघाली. लिपस्टिक लावून ओठ टेकवायचे! लिपस्टिकमधला स्निग्धांश दगडात मुरतो, तो काढायला दगड घासावा लागतो आणि प्रत्येक घासणीला दगड झिजतो. शेवटी २०११ साली भोवती काच बसवली. मग लोक काचेलाच ओठ लावू लागले. माझं मत विचाराल, तर वाइल्डला या प्रकाराची मजाच वाटली असती. ज्यांना डागडुजी करावी लागते त्यांना वाटत नसणार.

चित्रकार मोदिग्लियानीची गोष्ट मात्र ऐकवत नाही. १९२० च्या जानेवारीत तो क्षयाने गेला. पाठोपाठ त्याची गरोदर जोडीदार झान एब्युतेर्न हिने खिडकीतून उडी घेतली. तिच्या घरच्यांनी तिला बान्योला पुरलं. दोघांना एका दगडाखाली यायला सुमारे दहा वर्षं लागली.

कादंबरीकार प्रुस्त, गायिका एदित पियाफ, नटी सारा बर्नहार्ट, सगळे याच वस्तीत. रॉक गायक जिम मॉरिसनच्या थडग्याभोवती कठडा आणि गर्दी. त्याचा अर्धपुतळा १९८८ मध्ये चोरीला गेला, तो पोलिसांना थेट २०२५ मध्ये सापडला. आणि हो, आपले जे. आर. डी. टाटाही इथंच आहेत. १९९३ साली जिनिव्हात निधन झालं, दफन इथं.

(दृश्य : पूर्वेच्या कोपऱ्यातली भिंत)

मागच्या कोपऱ्यातल्या या भिंतीपाशी २८ मे १८७१ रोजी पॅरिस कम्यूनचे, म्हणजे त्या वर्षी पॅरिसमध्ये बंड करून उभ्या राहिलेल्या क्रांतिकारी सरकारचे, १४७ लढवय्ये ओळीने उभे करून गोळ्या घालून मारले. दर मे महिन्यात इथं लाल झेंडे घेऊन माणसं येतात आणि ‘इंटरनॅशनल’ हे कामगार चळवळीचं गीत गातात. ते गीत कम्यूनच्या पाडावानंतर लगेच लिहिणारा कवी युजेन पोतिए याच दफनभूमीत आहे. आज गातात ती चाल १८८८ मध्ये बांधली गेली, पोतिए गेल्याच्या दुसऱ्या वर्षी.