पत्र्याच्या कुंपणाआड

मंडळी, भर रस्त्यात पत्र्याचं कुंपण उभं राहिलं की येणारे-जाणारे फटीतून डोकावतात. सहा महिने झाले तरी आत खड्डा दिसत नाही. मग कुजबुज सुरू होते, काम बंद पडलंय म्हणून. मला आज त्या महिन्यांबद्दलच बोलायचं आहे. भुयारी स्थानक सुरक्षित होणार की नाही, हे बरंचसं तेव्हाच ठरतं.

जलवाहिन्या, गटारं, विजेच्या तारा हलवणं हे किचकट काम, पण ते बाजूला ठेवू. खरी गोष्ट भिंतीची. इथे भिंत आधी आणि खड्डा नंतर. जमिनीत मीटरभर रुंदीचा खोल चर घेतात. तो रिकामा ठेवला तर ढासळेल, म्हणून खणता खणताच त्यात बेंटोनाइट या चिकणमातीचा पातळ काला भरत राहतात. काल्याचा दाब चराच्या बाजू तोलून धरतो. मग सळ्यांचा पिंजरा आत सोडायचा आणि तळापर्यंत नेलेल्या नळीतून काँक्रीट ओतायचं. काँक्रीट जड, ते तळापासून वर चढत येतं आणि काल्याला वर ढकलतं. ही डायफ्राम वॉल. तिच्यासारखी भरवशाची गोष्ट मला या सगळ्या कामात दुसरी दिसत नाही.

चारी बाजूंनी ती झाली की मधली माती काढायची. प्रत्येक टप्प्यावर समोरासमोरच्या भिंतींमध्ये पोलादी टेकू द्यायचे. माती निघाली की बाहेरची जमीन आत यायला बघते. भिंत थोडी वाकतेच, किती वाकली ते मोजत राहायचं. एप्रिल 2004 मध्ये सिंगापूरला निकोल हायवेजवळ मेट्रोची खोल खोदाई कोसळली. शेजारचा महामार्ग खचला, चार माणसं गेली. चौकशीत दिसलं की तिथल्या मऊ सागरी चिकणमातीची ताकद हिशेबात जास्त धरली होती आणि टेकूंचे जोड कमकुवत आखले होते. भिंत अपेक्षेपेक्षा जास्त वाकते आहे, हे मोजमापं आधीपासून सांगत होती. म्हणून आकडा बिघडला की काम थांबवणाऱ्या अभियंत्याला कोणी ‘उशीर करतो’ म्हटलं, की मला फार वाईट वाटतं.

याच्या उलट उदाहरण लंडनचं. ज्युबिली या भुयारी रेल्वेमार्गाच्या 1999 मध्ये सुरू झालेल्या वाढीव भागासाठी वेस्टमिन्स्टरला सुमारे 40 मीटर खोल खोदाई झाली, बिग बेनच्या मनोऱ्याजवळ. मनोरा कलणार हे गृहीत धरून त्याच्या पायाखाली आधीच नळ्या घातल्या होत्या. कल वाढला की त्यांतून थोडं थोडं सिमेंटचं मिश्रण दाबून भरायचं, पुन्हा मोजायचं, पुन्हा भरायचं. मनोरा सावरला.

आता पाण्याकडे येऊ. स्थानक जमिनीत गाडलेलं, ते कुठे जाणार, असं वाटतं ना? ते वर येऊ पाहतं! भूजल दोन मीटरवर आहे आणि स्थानकाचा तळ वीस मीटरवर, असं धरा. म्हणजे तळावर अठरा मीटर पाण्याचा दाब, दर चौरस मीटरला अठरा टन, खालून वर. 200 मीटर लांब आणि 20 मीटर रुंद तळाला तो 72,000 टन होतो. आर्किमिडीजचाच नियम, फक्त होडी काँक्रीटची. तिला धरून ठेवायचं तर तळ जाड करा, खाली खेचून धरणारे पाइल, म्हणजे जमिनीत खोल गेलेले खांब, घाला, छतावर माती चढवा.

हे सगळं वजन पुरेसं होईपर्यंत खालचं पाणी पंपाने उपसत राहावं लागतं, रात्रंदिवस. वीज गेली तर जनरेटर तयार हवा. पुढे छत पडतं, वर माती येते, रस्ता पूर्ववत होतो, लोकांच्या दृष्टीने काम संपतं. खाली मात्र त्यानंतर पंप एकेक करून बंद केले जातात. पाणी हळूहळू वर चढत असतं आणि तळाची पातळी किती मिलिमीटर हलली, याची नोंद कोणीतरी दर काही तासांनी लिहीत असतं.