घारे डोळे आले कुठनं?

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका बारशाला गेलो होतो. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटल्या आणि कुणीतरी पोरीला दारातल्या उजेडात धरलं. डोळे घारे! आईबाप दोघंही काळ्याभोर डोळ्यांचे. म्हातारी आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, "आमच्यात कोण घारं न्हाई की, हे कुठनं आलं गे?" बाळंतिणीनं मान खाली घातली. शेजारची कन्नड बाई मात्र हरखून म्हणाली, "बेक्किन कण्णु!" म्हणजे आपले मांजरडोळेच. डोळे तेच, पण एकीच्या तोंडी कौतुक, दुसरीच्या तोंडी संशय. मी तिथं गप्प बसलो, म्हणून आज बोलतोय.

हे बघा, चिंचोका फोडून त्याच्या दोन डाळी आणल्यात. एक बाजू काळपट, दुसरी पांढरी. चौकाबारा खेळलेल्यांना सांगायला नको. डोळ्याच्या रंगाच्या जनुकाच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. पोराला देताना त्यातली एकच जाते. कुठली, ते दान पडेल तसं. काळी बाजू गडद रंगाची, पांढरी घाऱ्याची. एक जरी काळी असली तरी डोळे काळेच दिसतात. त्या आईबापाकडे प्रत्येकी एक काळी, एक पांढरी असणार. आता दोन्ही डाळी टाका, एक आईची, एक बापाची. दोन्ही पांढऱ्या पडायची शक्यता चारात एक.

तीन पोरं काळ्या डोळ्यांची झाली म्हणून चौथं घारं होणारच, असं नाही हं. चिंचोक्याला मागचं दान आठवत नाही. अशा जोडप्याला चार मुलं झाली, तरी एकही घारं नसण्याची शक्यता साधारण ३२ टक्के आहे. म्हणजे ती पांढरी बाजू दोन-तीन पिढ्या सहज झाकून राहते. आत्या खोटं बोलत नव्हती; तिनं घारं कुणी बघितलंच नव्हतं. आईबापातलं एक घारं असेल आणि दुसऱ्याकडे पांढरी बाजू लपलेली असेल, तर शक्यता निम्मी.

एवढंच गणित मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आलो. १९०७ सालापासून चालत आलेला हा हिशेब आहे आणि तो अपुरा आहे. १५ व्या गुणसूत्रावर ओसीए-२ नावाचं जनुक आहे. बाहुलीभोवतीच्या पडद्यात मेलॅनिन, म्हणजे गडद रंगद्रव्य, किती साठणार, ते बरंचसं त्याच्यावर अवलंबून. त्याचं बटण शेजारच्या हर्क-२ जनुकात आहे, हे २००८ साली कळलं. पण २०२१ मध्ये सुमारे १ लाख ९५ हजार लोक तपासले, तेव्हा गुणसूत्रांवर डोळ्याच्या रंगाशी संबंध असलेल्या जागा निघाल्या ६१! पिंगट, हिरवट, राखी अशा छटा त्यातून येतात. निळ्या डोळ्यात तर निळा रंगच नसतो. मेलॅनिन कमी, त्यामुळे उजेड विखुरतो आणि निळं दिसतं. चोर्ला घाटातले लांबचे डोंगर दिसतात ना, तसं. दोन्ही घाऱ्या आईबापांना काळ्या डोळ्यांचं पोर होणंही क्वचित घडतं. तेव्हा डोळे बघून कुणाचा बाप ठरवायचा उद्योग सोडा.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यात मेलॅनिन पहिल्या वर्षभरात साठत जातं, रंग गडद होऊ शकतो. ती पोर आता सात महिन्यांची आहे. परवा आत्याच तिला खिडकीशी धरून बघत होती. म्हणाली, "गुरुजी, काळे व्हायलेत की जरा." मला तर तसेच घारे दिसले.