हद्दपार केलेला राष्ट्रनायक

मंडळी, विषय जाहीर केलाय तो ‘राष्ट्रनायक ठरवावेत कसे’ असा. त्याकडे येतोच. उदाहरण घेतलंय बार्बाडोसचं, या कॅरिबियन बेट-देशाचं. पण त्याचं नाव निघालं की मराठी श्रोत्यांना आधी क्रिकेटपटू सोबर्स हवा असतो. भारताच्या १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यात फलंदाजीला जाताना सोबर्स नशिबासाठी गावसकरांना हात लावून जायचे, म्हणून वाडेकरांनी गावसकरांना न्हाणीघरात कोंडलं... हसलात, म्हणजे किस्सा ठाऊक आहे. हेच सर गारफिल्ड सोबर्स बार्बाडोसचे कायद्यानं ठरलेले राष्ट्रनायक आहेत. दरवर्षी २८ एप्रिलला तिथे राष्ट्रनायक दिनाची सुट्टी असते. १९९८ साली दहा नावं जाहीर झाली, त्यातलं एक त्यांचं.

मला मात्र सांगायचंय ते त्याच दहांतल्या क्लेमेंट पेनबद्दल. याचं नाव कुणी ऐकलंय? एकही हात वर नाही. म्हणून तर मी इथे उभा आहे.

पेनचे आईवडील बार्बाडोसचे, जन्म मात्र १९०४ सालचा, त्रिनिदादमधला. लहानपण बार्बाडोसमध्ये गेलं. १९३७ च्या मार्चमध्ये तो पुन्हा तिथे आला आणि कामगारांना म्हणू लागला, संघटना बांधा. उसाच्या मळ्यांचं बेट, हातात पडणारी मजुरी तुटपुंजी. राजधानी ब्रिजटाउनच्या गोल्डन स्क्वेअरमध्ये उघड्यावर सभा भरायच्या. ‘शिका, चेतवा, पण हिंसा करू नका’, हा त्याचा घोष. आत्ता तुमच्या मनात बाबासाहेब आले ना? माझ्याही आले होते.

आता ब्रिटिश वसाहतीच्या सरकारनं काय करावं? भाषणांवर बोट ठेवणं अवघड. मग आरोप ठेवला की बेटावर उतरताना यानं जन्मस्थान खोटं सांगितलं! दंड झाला. पेननं अपील केलं, आणि वकील म्हणून उभे राहिले ग्रँटली ॲडम्स. अपील जिंकलं. तरीही त्याला गुपचूप बोटीवर चढवून त्रिनिदादला धाडलं. खटला जिंकलेल्या माणसाला हद्दपारी! २६ जुलैला बातमी फुटली आणि ब्रिजटाउन पेटलं. पोलिसांनी गोळ्या झाडल्या. चौदा माणसं मेली, सत्तेचाळीस जखमी झाली. पेनला त्या बेटावर पुन्हा पाय ठेवता आला नाही. १९४१ साली तो त्रिनिदादमध्येच वारला, चाळिशीही न गाठता. लंडनहून चौकशीला मॉइन आयोग आला, त्यानं सगळ्या कॅरिबियन वसाहतींची दैना लिहून काढली, आणि युद्धाचं कारण देऊन तो पूर्ण अहवाल १९४५ पर्यंत दाबून ठेवला गेला.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं उरलीत. तेव्हा मूळ मुद्दा भराभर सांगतो.

सरकारनं नायकांची यादी करायची, तर सरकारनंच छळलेली माणसं तिच्यात आधी यायला हवीत. बार्बाडोसच्या यादीत पेन आहे. १८१६ च्या उठावातला गुलाम बुसा आहे. १८२३ साली गोऱ्यांच्या जमावानं मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचं प्रार्थनाघर पाडलं, तेव्हा धमक्यांना न जुमानता स्वतःचं घर प्रार्थनेला उघडणारी सारा ॲन गिल आहे. शिवाय एकमेकांशी भांडलेलेही यादीत शेजारी बसलेत. पेनचे वकील ॲडम्स पुढे राजकारणात आले. एरॉल बॅरो १९५५ साली ॲडम्सचा पक्ष सोडून गेले, १९६१ च्या निवडणुकीत त्याच पक्षाला हरवलं, १९६६ साली स्वातंत्र्य आणलं. दोघेही राष्ट्रनायक. आपल्या पक्षाचा तेवढा मोठा, असला हिशेब तिथे चालला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

१९९९ साली ब्रिजटाउनमधल्या ट्रॅफल्गार चौकाचं नाव राष्ट्रनायक चौक झालं. ब्रिटिश नौसेनानी नेल्सनचा पुतळा मात्र तिथून हलायला २०२० उजाडलं. पुढच्याच वर्षी देश प्रजासत्ताक झाला आणि गायिका रिहाना अकरावी राष्ट्रनायक ठरली. तिच्यावर बोलायला आज वेळ नाही.

एक तक्रार मात्र नोंदवतो. २८ एप्रिल हा ॲडम्स यांचा जन्मदिवस. म्हणजे सुट्टी मिळाली ती वकिलाच्या तारखेला. ॲडम्स मोठेच होते, देशाचे पहिले प्रीमियर, म्हणजे सरकारप्रमुख. पण ते राजकारण ज्या उठावातून वर आलं, तो अशिलाच्या हद्दपारीनं पेटला होता. २६ जुलैचं स्मरण तिथे होतं, सुट्टी नसते. ती असायला हवी, असं माझं ठाम मत आहे. आता प्रश्न विचारा.