पाटलांचा जावई आणि हिरवी खूण

रामराम मंडळी! मागे धूर दिसतोय तो भरिताच्या वांग्यांचा आहे, शूटिंगसाठी घरचे थांबायला तयार नाहीत. असो.

"दादा, खरं अकाउंट ओळखायचं कसं?" हा प्रश्न आठवडाभर येतोय, आणि त्याला कारण मीच. माझा फोटो लावून कुणीतरी अकाउंट काढलं, केळीची टिश्यू कल्चर रोपं स्वस्तात देतो म्हणाला, आणि रावेरच्या एका काकांकडून बुकिंगचे दोन हजार घेऊन पसार. मी म्हटलं, काका, आधी मला विचारायचं तरी! तर म्हणे, "अरे, तिथे तुझ्याच वेबसाइटची लिंक होती ना."

गोची इथेच आहे. लिंक कुणीही कुणाचीही टाकतो. चोपड्याच्या पोरानं गावभर सांगितलं, मी अमळनेरच्या पाटलांचा जावई, तर झाला का जावई? पाटलांनी "हो, आमचाच" म्हणायला नको?

हे "हो" म्हणायची सोय वेबवर जुनीच आहे. 2003 साली टॅन्टेक चेलिक, एरिक मेयर आणि वर्डप्रेसवाला मॅट मुलेनवेग या वेबवाल्यांनी एक्सएफएन नावाची पद्धत काढली. मित्र, शेजारी, सहकारी अशी नाती लिंकच्या कोडमध्येच लिहायची. त्यातलं आज कामाला येतं ते 'रेल मी' (कोडमध्ये rel="me"): या लिंकपलीकडचा माणूसही मीच. मॅस्टोडॉन, म्हणजे ट्विटरसारखंच एक सोशल नेटवर्क, एवढंच तपासतं. प्रोफाइलवर साइटचा पत्ता, साइटवर प्रोफाइलची रेल-मी लिंक. जमलं की हिरवी खूण. पैसे नाहीत, आधार नाही, ओटीपी नाही.

आणि ट्विटरची (आताचं एक्स) निळी टिक? नोव्हेंबर 2022 पासून ती महिन्याच्या वर्गणीत मिळायला लागली. तरी कमेंटमध्ये भांडतात, "भाऊ, टिक आहे म्हणजे खराच." अरे, वर्गणी भरली एवढंच कळलं ना!

आता मागच्या व्हिडिओखालची कमेंट: "भो, काही समजनं नही, खूण येतच नाही." येणार कशी? आधी साइटवर लिंक, मग प्रोफाइल सेव्ह. तुम्ही उलटं करता. सेव्ह दाबलं की मॅस्टोडॉन तुमच्या साइटवर डोकावतं. तेव्हा तिथे लिंक नसेल, तर हात हलवत परत. साइटवर नंतर लिंक टाकलीत? मग प्रोफाइलवर जाऊन पुन्हा सेव्ह करा. पाहुणे आले तेव्हा पाटील घरात नव्हते, आता आलेत, तर पाहुण्यांना परत बोलवावं लागेल की नाही?

आणि लिंक साइटवरून प्रोफाइलकडे हवी. बायोमध्ये दहा वेळा साइट लिहून उपयोग शून्य. माझ्या नावाच्या त्या भामट्यानंही तेच केलं होतं. माझ्या साइटवर तो काही लिहू शकत नव्हता, म्हणून त्याला खूण मिळालीच नसती.

खूण म्हणजे माणूस सज्जन असं मात्र नाही. भामटाही स्वतःची साइट काढेल. म्हणून खुणेशेजारचा पत्ता अक्षर-अक्षर वाचा. ब्लूस्काय या दुसऱ्या सोशल नेटवर्कवर तर डोमेनच, म्हणजे साइटचा पत्ताच, तुमचं नाव होऊ शकतं, तिथेही तसंच वाचा.

"माझी साइटच नाही" म्हणणाऱ्या ताई, गिटहबचं (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साइट) प्रोफाइलही चालतं, तिथल्या लिंकला रेल-मी असतं. आणि काकांनी 1930 वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तक्रार केलीय. पैसे अजून आलेले नाहीत.