हवाईचा कॅप्टन, हवाईचा आमदार

(दृश्य: उत्तर इटली, सॅन तेरेन्झोजवळची डोंगरसोंड)

२१ एप्रिल १९४५. कोले मुसातेल्लोच्या माथ्यावर जर्मनांच्या तीन मशीनगन. बाराच दिवसांपूर्वी, याच आघाडीच्या पूर्व टोकाला सेनिओ नदीवर, मराठा लाइट इन्फंट्रीच्या नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला होता. इकडे पश्चिमेला चढाई करत होती अमेरिकेची ४४२वी रेजिमेंट. जवान बहुतेक जपानी आईबापांच्या पोटी अमेरिकेत जन्मलेले. त्यातल्याच एका प्लॅटूनचे लेफ्टनंट (पुढं कॅप्टन) डॅनियल इनोउये, वय २०, मूळचे हवाई बेटांवरच्या होनोलुलूचे.

पहिलं ठाणं त्यांनी पाच यार्डांवरून दोन ग्रेनेड टाकून उडवलं. दुसरंही गप्प केलं. तिसऱ्यावर हात उगारला, आणि रायफलमधून सुटलेला जर्मन ग्रेनेड त्यांच्या उजव्या कोपरावर आदळला. त्यांच्या मुठीत मात्र पिन काढलेला ग्रेनेड तसाच होता. पिन निघाली की ग्रेनेडला रोखून धरते ती फक्त मुठीखाली दाबलेली पट्टी. ती सुटली की चार-पाच सेकंदांत स्फोट. तुटक्या हाताची मूठ कधी सैल पडेल, याचा नेम नव्हता. म्हणून इनोउयेंनी धावून येणाऱ्या जवानांना ओरडून मागे ठेवलं, डाव्या हातानं ग्रेनेड सोडवला आणि ठाण्यात फेकला.

तो हात कापावा लागला. सर्जन व्हायचं ठरलं होतं, तेही संपलं.

(दृश्य: मिशिगन, बॅटल क्रीकचं लष्करी रुग्णालय)

इथं शेजारी होते कॅन्ससचे बॉब डोल, तेही उजवा हात गमावल्यासारखेच. पुढं काय, असं विचारल्यावर डोल यांनी आराखडाच सांगितला: वकिली, मग राज्याचं विधिमंडळ, मग काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद. इनोउयेंनी तो उचलला. माजी सैनिकांसाठीच्या जीआय बिलातून सरकारनं शिक्षणाचा खर्च उचलला. हवाई विद्यापीठाची पदवी, मग वॉशिंग्टनमध्ये कायदा, आणि परत येऊन होनोलुलूत सरकारी वकिली. ४४२च्या कितीतरी जवानांनी हीच वाट धरली, आणि नेमकं हेच ऊस मळ्यांच्या मालकांना महागात पडलं.

हवाई तेव्हा राज्य नव्हतं, टेरिटरी होती. विधिमंडळ लोकांनी निवडलेलं, पण गव्हर्नर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेला. वॉशिंग्टनला एक प्रतिनिधी जायचा, त्याला मताचा अधिकार नाही. विधिमंडळ अर्ध्या शतकापासून जवळजवळ सलग रिपब्लिकनांच्या हातात, आणि त्यांच्या मागे ऊस-अननसाच्या बड्या कंपन्या. माजी पोलीस अधिकारी जॉन बर्न्स यांनी डेमोक्रॅटिक पक्ष नव्यानं बांधला. मळ्यांवरच्या कामगारांची मतं होती, आणि आता उमेदवार म्हणून कायदा शिकलेले माजी सैनिक मिळाले. यांच्या देशभक्तीवर बोट कोण ठेवणार?

१९५४ साली डेमोक्रॅट दोन्ही सभागृहांत बहुमतात आले. इनोउये पहिल्याच खेपेला कनिष्ठ सभागृहात बहुमताचे नेते झाले. पण बहुमत मिळालं म्हणजे सत्ता मिळाली असं नव्हतं. गव्हर्नर सॅम्युएल किंग यांनी पुढच्याच अधिवेशनातली सत्तरहून जास्त विधेयकं नकाराधिकारानं अडवली. लोकांनी न निवडलेल्या गव्हर्नरवर लोकांचा काही धाक नव्हता. राज्याचा दर्जा हवा, ही मागणी आमच्या मते भावनेपेक्षा या अडवणुकीतून जास्त धारदार झाली.

१९५८ साली इनोउये टेरिटरीच्या वरिष्ठ सभागृहात गेले. २१ ऑगस्ट १९५९ ला हवाई राज्य झालं आणि ते वॉशिंग्टनच्या प्रतिनिधिगृहात बसणारे पहिले जपानी-अमेरिकन ठरले. डोल तिथं पोहोचले १९६१ साली. १९६३ पासून मृत्यूपर्यंत इनोउये सिनेटर होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळातल्या वॉटरगेट प्रकरणाच्या चौकशी समितीत ते होते, नंतर खर्च मंजूर करणाऱ्या समितीचे अध्यक्षही झाले. हवाईकडे त्यांनी एवढा निधी वळवला की टीकाही पुष्कळ झाली.

त्या टेकडीवरच्या कामगिरीसाठीचं मेडल ऑफ ऑनर, अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक, आलं २००० साली, ५५ वर्षांनी.

१७ डिसेंबर २०१२ ला ते वारले. आपल्या जागी काँग्रेस सदस्य कॉलीन हानाबुसा यांना नेमावं, असं पत्र त्यांनी गव्हर्नरांना पाठवलं होतं. नियमानुसार पक्षानं तीन नावं दिली, त्यात हानाबुसाही होत्या. गव्हर्नर नील अॅबरक्रॉम्बी यांनी नेमलं ब्रायन शॅट्झ यांना.